आधी रिपोर्ट, मग बयाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की इंदूरच्या सुपर कॉरिडॉर आणि बायपासकडच्या नव्या वसाहतींत फ्लॅटचे बुकिंग जोरात सुरू होते. मुहूर्त गाठायच्या घाईत बयाना दिला जातो, आणि बँकेत फाइल गेल्यावर कळते की सिबिल स्कोर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा आकडा, ६४० आहे. मग कर्ज नाकारले जाते आणि बयाना परत मिळवण्यासाठी बिल्डरशी हुज्जत घालावी लागते. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये, असे घरखरेदीचा रेरा कायदा सांगतो. पण पन्नास लाखांच्या फ्लॅटचे दहा टक्के म्हणजे पाच लाख होतात! म्हणून घर बघायला निघण्याच्या सहा महिने, जमल्यास वर्षभर आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांचा आणि फेडीचा लेखाजोखा, काढावा, अशी आपल्या वाचकांना कळकळीची विनंती आहे.

स्कोर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि ७५० च्या वर असला की बहुतेक बँका खूश असतात. त्याखाली कर्ज मिळाले तरी अनेकदा व्याज चढते. वीस वर्षांच्या चाळीस लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी सुमारे ३४,७०० रुपये हप्ता पडतो, तर साडेनऊने सुमारे ३७,३००. एका टक्क्यापायी वीस वर्षांत सहा लाखांहून जास्त रक्कम हातची जाते.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोर कमी होत नाही; ही भीती आधी मनातून काढून टाका.

रिपोर्ट उघडल्यावर नुसता वरचा आकडा बघून बंद करू नका. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात, जास्तीत जास्त छत्तीस. चौकोनात ००० असेल तर त्या महिन्यात काही थकले नव्हते. ०३५ असेल तर हप्ता पस्तीस दिवस थकला होता. नव्वदच्या पुढे गेलेले खाते बँकेच्या लेखी एनपीए, म्हणजे बुडीत. गृहकर्जाचा अधिकारी सगळ्यात आधी शेवटच्या बारा महिन्यांचे चौकोन बघतो. म्हणून आजपासून एकही हप्ता चुकू न देणे हाच खरा उपाय, आणि तो वेळ घेतोच.

चुका मात्र लवकर सुधारता येतात. नेहमी आढळणारी चूक म्हणजे फेडलेले कर्ज चालूच दिसणे. मोटरसायकलचे सगळे हप्ते भरलेले असतात, पण एखादा हप्ता बाउन्स झाल्याचे पाचशे रुपये आणि १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये खात्यावर तसेच राहतात. एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, कोणी मागितलेली नसते, आणि दिवसांचा आकडा महिन्यागणिक वाढत जातो. दुसरी अडचण आपल्या बायकांच्या बाबतीत फार दिसते: पॅन माहेरच्या नावाने, बँकेचे खाते सासरच्या नावाने. मग कर्जे दोन ठिकाणी विखुरतात किंवा भलत्याच नावाचे कर्ज येऊन चिकटते. पत्नी सहअर्जदार असणार असेल तर तिचाही रिपोर्ट आधीच काढा. तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल तर ते कर्जही तुमच्या रिपोर्टात दिसते, हे विसरू नका.

चूक सापडली की क्रेडिट कंपनी आणि कर्ज देणारी बँक, दोघांकडेही लेखी तक्रार करा. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी नोंद बदलू शकत नाही. बँकेला उत्तरासाठी २१ दिवस, तक्रार मिटवायची एकूण मुदत ३० दिवस. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. जानेवारी २०२५ पासून बँकांना या कंपन्यांकडे निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागते.

क्रेडिट कार्डाचे पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्यांचाही स्कोर कधी कधी पडतो. पन्नास हजारांच्या मर्यादेवर ४६ हजारांचे बिल निघाले, की तुम्ही ते नंतर पूर्ण भरले तरी रिपोर्टात ४६ हजारांची उधारी गेलेली असते. बिल निघायची वाट न बघता मधेच पैसे भरत जा आणि वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांखाली ठेवा. याचा फायदा महिना-दोन महिन्यांत दिसतो. जुने कार्ड बंद करू नका, जुना चांगला इतिहास तुमच्याच कामाचा असतो. ज्यांनी कधी कर्जच घेतले नाही, त्यांनी पंचवीस हजारांच्या एफडीवर कार्ड घेऊन थोडे थोडे वापरावे. साधारण सहा महिन्यांत स्कोर तयार होतो.

वसुलीवाल्याने ‘निम्मे भरा, मिटवून टाकू’ म्हटले की हायसे वाटते. पण रिपोर्टात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ लागते, आणि ही नोंद वर्षानुवर्षे राहते. गृहकर्ज देणारा तिचा अर्थ एवढाच घेतो की या माणसाने बँकेचे पैसे बुडवले. आधीच सेटलमेंट झाले असेल तर उरलेली रक्कम भरण्याची तयारी बँकेला लेखी कळवा, नो ड्यूज घ्या आणि ‘क्लोज्ड’ अशी नोंद करून मागा.

‘पंधरा दिवसांत सिबिल दुरुस्त’ म्हणत हजारो रुपये मागणाऱ्यांना दारात उभे करू नका. खरी असलेली नोंद कोणालाच पुसता येत नाही. हे लोक सरसकट सगळ्या नोंदींवर हरकत घेतात, त्या काही दिवस वादग्रस्त दिसतात, बँक फाइल थांबवते आणि शेवटी नोंदी तशाच राहतात. कर्जाच्या एजंटलाही स्पष्ट बजावा, की मला विचारल्याशिवाय कुठेही फाइल लॉग-इन करायची नाही. तो एका दिवसात पाच बँकांत अर्ज टाकतो, पाच चौकशा रिपोर्टात उमटतात, आणि सहाव्या बँकेला वाटते की या माणसाला कोणी उभे करत नाही.

आपला,
गृहकर्ज विभागातील एक निवृत्त बँक अधिकारी
सुदामानगर, इंदूर