टॅपिंग व्हॅन हेलनच्या आधीपासून आहे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला गिटारवरचा लेख वाचला. आमच्या गावात पेपर दुपारच्या एसटीनं येतो, पण वाचतो आम्ही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. लेखात म्हटलंय की टॅपिंगचा, म्हणजे तार न छेडता फ्रेटबोर्डवर (तारांखालच्या लांब पट्टीवर) बोट आपटून सूर काढायचा, शोध अमेरिकेतला रॉक गिटारवाला एडी व्हॅन हेलननं 1978 ला लावला. हे काही पटलं नाही बुवा. त्या साली त्याचा 'इरप्शन' हा गिटार सोलो आला अन् जगभरचे पोट्टे उजवा हात फ्रेटबोर्डवर नेऊ लागले, इथपर्यंत कबूल. पण जेनेसिस या इंग्लंडच्या बँडचा स्टीव्ह हॅकेट 1971 च्या रेकॉर्डवर हेच करतोय, अन् त्याच्याही आधी 1965 मध्ये इटलीच्या टीव्हीवर व्हित्तोरिओ कामार्देसे, पेशानं डॉक्टर माणूस, दोन्ही हातांनी असा वाजवतो की बघतच राहावं, मोबाईलवर सापडते ती क्लिप. अमेरिकेत जिमी वेबस्टरनं तर 1952 ला या पद्धतीवर पुस्तकच काढलं. तुर्कस्तानातले बाग्लामावाले (बाग्लामा हे तिथलं तंतुवाद्य) हाताच्या बोटांनीच तारा वाजवतात, टॅपिंगही त्यातच येतं, त्याला शेल्पे म्हणतात, ते तर लोकसंगीतातलं.

लेखात एडीच्या टॅपिंगच्या पेटंटचं पण आलंय. एडीचं 1987 चं पेटंट टॅपिंगचं नाहीच, गिटार पोटासमोर आडवी टेकवून दोन्ही हात मोकळे ठेवायचा जो आधार असतो त्याचं आहे.

मग नाव एडीचंच काहून झालं? मला वाटते अ‍ॅम्पमुळं, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रामुळं. टॅपिंगमध्ये तार छेडत नाहीत, फ्रेटच्या (फ्रेटबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) जरा मागं बोट आपटलं की तिथला सूर निघतो अन् बोट उचलताना तार थोडी ओढून सोडली की डाव्या हाताखालचा. साध्या गिटारवर हा आवाज इतका बारीक की बाजूच्या खोलीत पंखा चालू असला तर जात नाही, पण अ‍ॅम्पचा आवाज वाढवून डिस्टॉर्शन दिलं (आवाज मुद्दाम फाटका केला) की तोच सूर लांबतो, भरतो. एडीकडं ते सगळं होतं अन् हात तर होताच होता. पुढं 1982 ला मायकेल जॅक्सनच्या 'बीट इट'मध्ये सोलो त्यानंच वाजवला, टॅपिंगसकट, अन् ज्यांनी आयुष्यात रॉक ऐकलं नव्हतं त्यांच्याही घरात ते पोचलं. आमच्या तालुक्याच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला कॅसेट रिवाइंड करू करू तेवढाच तुकडा बसवत होता.

आता इथले पोट्टे मोबाईलवर बघून शिकतात, लाईट गेली की अ‍ॅम्प बंद अन् टॅपिंग पण बंद, मग म्हणतात काका आमचा हातच बसत नाही. हाताचं नाही रे बापा, तारा फ्रेटपासून उंच आहेत, त्या आधी खाली घ्या. अन् मोकळ्या तारा झणझण करत असतील तर नटपाशी (गिटारच्या डोक्याकडं तारा जिथं टेकतात तिथं) केसांचं रबर गुंडाळा, मोठेमोठे वादक पण तेच करतात. पुढच्या लेखात हे छापलं तर बरं होईल साहेब, वेबस्टरचं नाव पण टाका.

आपला,
एक जुना वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ