लघवीच्या पिशवीतला आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया पार पडली की घरच्यांना वाटते, आता धोका टळला. आम्हालाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात त्यानंतरचे दोन आठवडे जोखमीचे असतात, आणि रक्तातले सोडियम उतरणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

माझ्या थोरल्या वहिनी आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने पेज प्यायल्या होत्या. आठव्या दिवशी सकाळी मात्र त्यांना गुंगी आली आणि त्या मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारू लागल्या. सोडियम 122 निघाले. ते 135 ते 145 असायला हवे. वॉर्डात आम्हाला पाणी कमी द्यायला सांगण्यात आले. दुपारी मेंदूच्या डॉक्टरांनी लघवीची नोंद मागितली, तेव्हा माझी मान खाली गेली. रात्री पिशवी भरली की मीच ती न मोजता शौचालयात रिकामी करत होतो.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते मला नंतर उमगले. सोडियम उतरण्याची दोन कारणे जवळजवळ परस्परविरोधी आहेत: एकात संप्रेरकामुळे शरीर पाणी धरून ठेवते आणि रक्तातले मीठ, म्हणजेच सोडियम, पातळ होते, तर दुसऱ्यात मूत्रपिंडे मीठ आणि पाणी दोन्ही बाहेर टाकतात आणि शरीर कोरडे पडते. रक्ताच्या अहवालात दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो; फरक ओळखायला लघवी किती झाली याची नोंद मदत करते. मीठ वाहून जाण्याचा हा प्रकार 1950 मध्येच नोंदवला गेला होता, तरीही पुढे अनेक वर्षे बहुतेक रुग्णांचे पाणीच तोडले जाई. रक्तस्रावानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. अशा वेळी शरीरातले पाणी घटले तर मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी 1985 मध्ये याच धोक्याकडे लक्ष वेधले होते.

वहिनींना 3 टक्क्यांचे सलाईन थेंबाथेंबाने दिले गेले. साध्या सलाईनच्या एका लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असते, यात 30. सोडियम झपाट्याने वाढले तरी मेंदूला इजा होते, म्हणून दर काही तासांनी रक्त तपासत होते. त्यामुळे घरून मीठ-लिंबाचे पाणी आणून पाजणे किंवा आपल्या मनाने पाणी बंद करणे, दोन्ही घातक आहे.

वहिनी सावरल्या. पण पिशवी मोजायची असते, शहाळ्याचे पाणीसुद्धा लिहून ठेवायचे असते आणि रुग्ण गुंगीत दिसला तर तो झोपला आहे असे न समजता लगेच सिस्टरांना उठवायचे असते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर ती सकाळ टळली असती. रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे की, अशा प्रत्येक खाटेशी खुणा केलेले मापाचे भांडे आणि मराठीत लिहिलेला एक कागद ठेवावा.

आपला,
एक वाचक, सांगली