२०२२ चा थॉमस कप आपला झाला रे!

प्रिय पक्या,

तू नुसता स्कोअर बघितलास आणि लिहिलंस की फायनल ३-० म्हणजे एकतर्फीच झाली असणार. अरे एकतर्फी कसली! समोर इंडोनेशिया, पुरुषांच्या सांघिक बॅडमिंटनचा हा कप १४ वेळा जिंकलेली टीम, गतविजेते, आणि आपण १९७९ नंतर पहिल्यांदा सेमीफायनलला पोचलेलो, फायनल तर आयुष्यात कधीच खेळलो नव्हतो.

पण मला आधी आपल्या शेवटच्या सिंगल्सवाल्या प्रणॉयबद्दल सांगायचंय, कारण फायनलमध्ये तो कोर्टवर उतरलाच नाही आणि आता सगळीकडे फोटो बाकीच्यांचेच फिरतायत. तुला माहितीये, तीन सिंगल्स, दोन डबल्स, आणि २-२ झालं की सगळा भार शेवटच्या सिंगल्सवर. क्वार्टर फायनलला मलेशियाशी तेच झालं, लक्ष्य सेन हरला, सात्विक-चिराग ही डबल्सची जोडी आणि सिंगल्सला श्रीकांत जिंकले, दुसरी डबल्स गेली, मग प्रणॉय आला आणि लिओंग जुन हाओला २१-१३, २१-८ असं गुंडाळलं. दुसऱ्याच दिवशी सेमीफायनलला डेन्मार्क, परत अगदी तसंच २-२! समोर रासमुस गेम्के. पहिल्या गेममध्येच प्रणॉयचा पाय घसरला, घोट्याला लागलं, फिजिओ आत आला, मला तर वाटलं संपलं सगळं. उठला तेव्हा पाय जपून टाकत होता, गेम १३-२१ गेला. आणि त्यानंतर काय खेळला रे तो! २१-९, २१-१२. दुखऱ्या पायाने माणूस रॅली लांबवायचं टाळेल ना, हा थेट अटॅकच करत सुटला. एवढ्या वर्षांत इतक्या दुखापती, २०१७ नंतर तोवर एकही टायटल नव्हतं, आणि सगळ्या देशाचं ओझं खांद्यावर घेऊन हा असा खेळतो. मी टीव्हीसमोर उभाच होतो.

आता रविवारची फायनल. लक्ष्यला बँकॉकला पोचल्या पोचल्या फूड पॉयझनिंग झालं होतं, नॉकआउटच्या दोन्ही मॅच हरलेला, त्यात इंडोनेशियाच्या गिंटिंगने पहिला गेम २१-८ ने घेतला. वीस वर्षांचा पोरगा, पण डगमगला नाही, डिफेन्स घट्ट केला आणि पुढचे दोन गेम २१-१७, २१-१६. मग डबल्स, जी मी मरेपर्यंत विसरणार नाही. अहसान आणि केविन सुकामुल्जो, दोघंही डबल्समधले दादा, पहिला गेम त्यांचा, दुसऱ्यात मॅच पॉइंटही त्यांच्याकडे, आणि आपले सात्विक आणि मुंबईचा चिराग ते वाचवत वाचवत २३-२१ ने गेम खेचून आणतात, तिसरा २१-१९. तिथेच इंडोनेशियाचा धीर सुटला असं माझं ठाम मत आहे.

श्रीकांतने जोनाथन क्रिस्टीला २१-१५, २३-२१ असं हरवलं, आणि तो या अख्ख्या स्पर्धेत एकही मॅच हरला नाही हे कुणी फारसं बोलत नाहीये याचं मला वाईट वाटतंय. शेवटचा स्मॅश पडला आणि सगळी टीम कोर्टवर धावली, प्रणॉयसुद्धा. नॉकआउटच्या आधी गटात चायनीज तैपेईकडून, म्हणजे तैवानकडून, २-३ हरलेली हीच टीम बरं का.

आणि हो, कृष्णप्रसाद आणि विष्णुवर्धन ही दुसरी जोडी मलेशियाशी हरली, डेन्मार्कशीही हरली, पण त्यांना नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडलोय. नवी जोडी, समोर कसलेले प्लेअर, कुणीतरी ती जागा घ्यायलाच हवी होती ना.

तू एक कर, फायनलच्या हायलाइट्स नंतर बघ, आधी प्रणॉय-गेम्के पूर्ण मॅच बघ, सलग, पुढे न ढकलता. बघून झाली की रात्री कितीही वाजलेले असू देत, फोन कर.

तुझा,
बाळ्या