कृषिमंत्र्यांना खुले पत्र : लातूरला वनस्पतींच्या पेशी जगवणारी पेढी हवी

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
महोदय, सादर नमस्कार.

मी औसा तालुक्यातली. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर निघाला आणि पहाटेच्या एसटीने आमच्या बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला खेपा सुरू झाल्या. बारा आठवडे तिला पॅक्लिटॅक्सेल चढवलं. मी तिला म्हटलं, "ताई, हे औषध एका झाडाच्या सालीत सापडलं. शोधणाऱ्या दोघांतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे." आजूबाजूच्या खाटांकडे बघत ती म्हणाली, "मग एवढ्या बायांना पुरायला किती झाडं तोडावी लागत असतील गं?"

हे पत्र तिच्या त्या प्रश्नामुळे लिहिते आहे.

पॅक्लिटॅक्सेलसाठी अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाची साल सोलत. शंभर वर्षांच्या झाडातून जेमतेम एका डोसपुरतं औषध निघे आणि साल गेली की झाड मरे. पुढे युरोपातल्या यूच्या पानांतून अर्धवट तयार रेणू काढून त्याचं औषध करू लागले. त्याहून पुढची वाट जर्मनीत उभी राहिली. झाडाचा छोटा तुकडा पोषक माध्यमावर ठेवला की पेशींचा गोळा, म्हणजे कॅलस, वाढतो. तो द्रवात सोडून हलवत ठेवायचा, मग मोठ्या पोलादी टाकीत न्यायचा. कीड लागल्यावर झाड ज्या द्रव्याने स्वतःला सावध करतं ते जास्मोनेट टाकीत घातलं की पेशी औषध बनवू लागतात. तिथल्या टाक्या ७५,००० लिटरपर्यंतच्या आहेत. एका अमेरिकन कंपनीने आपलं पॅक्लिटॅक्सेल असं बनवायला घेतलं आणि २००४ मध्ये तिला हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आपल्याकडचं असं औषधाचं झाड म्हणजे नरक्या. आंबोली, राधानगरी, महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावरचं. वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं होतं. तेच द्रव्य नरक्यात भरपूर आहे आणि त्यापासून टोपोटेकन, इरिनोटेकन ही कॅन्सरची औषधं होतात. म्हणून नरक्या चोरून तुटतो, ट्रकने जातो. आमच्या काळ्या रानात तो येणार नाही. पण त्याच्या पेशींना ना घाटावरचा पाऊस लागतो, ना लातूरची माती. २०१६ साली रेल्वेने पाणी प्यायलेल्या गावाला हे शेत परवडेल.

एम.एस्सी.ला असताना आमच्या विभागात नरक्याचा कॅलस होता. तीन वर्षांचा प्रकल्प होता. दर तीन-चार आठवड्यांनी तो ताज्या माध्यमावर हलवायचा, हे काम आम्ही मुली दिवाळीतही येऊन करायचो. प्रकल्प संपला, सहायकाचा पगार थांबला. मे महिन्यात वीज गेली, वाढखोलीचा एसी बंद पडला. सोमवारी दार उघडलं तर सगळ्या बाटल्या काळ्या पडल्या होत्या. नोंदवह्या राहिल्या, पेशी गेल्या. दुसऱ्या प्रकल्पाला पुन्हा पहिल्यापासून फांदी आणून सुरुवात करावी लागते. तीही मिळाली तर.

महोदय, मला नवी इमारत नको. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं जैवतंत्रज्ञान महाविद्यालय लातूरला आहे. नांदेडच्या अर्धापूरकडच्या केळीमुळे टिश्यू कल्चर, म्हणजे बाटलीत तुकड्यापासून रोपं वाढवणं, इकडच्या शेतकऱ्यालाही नवं नाही. प्रयोगशाळेच्या निर्जंतुक कपाटात हात न थरथरता काम करणाऱ्या मुली इथे आहेत. नाही ते एवढंच : कायम पगारावरची दोन-तीन तंत्रज्ञ पदं, चोवीस तास वीज देणारी सोय आणि पेशींचे वाण वर्षानुवर्षं जिवंत ठेवण्याची लेखी जबाबदारी. पेशीपेढी म्हणा तिला. तीन वर्षांच्या अनुदानावर ती चालत नाही. कारण पेशी हळू वाढतात, एका जिवाणूने अख्खी टाकी नासते आणि पिढ्या गेल्या की पेशी औषध बनवायचं विसरतातही.

औषध लगेच निघेल असं मी म्हणत नाही. नरक्याच्या पेशींत कॅम्प्टोथेसिन झाडापेक्षा फार कमी उतरतं. सदाफुलीचं तर आणखी अवघड. तिच्या सुमारे ५०० किलो वाळक्या पानांतून एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध निघतं आणि पेशींतून ते बाजाराला परवडेल असं अजून जमलेलं नाही. पण यूच्या पेशींतही सुरुवातीला थेंबभरच उतरत होतं. चांगली पेशी निवडत निवडत लोक तिथवर गेले, आणि निवडायला पेशी आधी जगाव्या लागतात.

कॅन्सरच्या औषधाचं पत्र आरोग्यमंत्र्यांना का नाही, असं कुणी विचारेल. हे पीक आहे, महोदय, म्हणून तुमच्याकडे आले. येत्या पुरवणी मागण्यांत या पदांची तरतूद करा. नरक्याच्या पहिल्या फांद्यांसाठी वनखात्याची परवानगी लागेल. तो अर्ज जाण्याआधी माणसं नेमलेली असू द्यात.

आपली,
औसा तालुक्यातील एक शिक्षिका