आईच्या ढोपराची तारीख

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात गुडघे बदलायच्या ऑपरेशनवर एका डॉक्टरांचा लेख वाचला. चांगला होता, पण त्यात होतं की हे ऑपरेशन काही इमर्जन्सी नसतं, पेशंट सोयीनं तारीख घेऊ शकतो. खरं सांगायचं तर रागच आला. ह्या एका गोष्टीवर कोरोनात आमच्या आईची दीड वर्षं गेली.

आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले. आईच्या डाव्या गुडघ्याची तारीख ६ एप्रिल २०२० ठरलेली, कोल्हापूरच्या एका हॉस्पिटलात, पैसे जमवलेले, आंबोली घाटातनं न्यायला गाडी पण सांगून ठेवलेली. २५ मार्चला लॉकडाऊन लागलं आणि फोन आला, आधी ठरलेली सगळी ऑपरेशनं बंद, नंतर कळवू. त्यांचंही बरोबर होतं म्हणा, आयसीयूच्या खाटा, भूल देणारे डॉक्टर, नर्सेस सगळं कोरोनाकडे वळवलेलं, रक्तदान शिबिरं बंद म्हणून रक्ताची ओढाताण, आणि ऑपरेशनच्या आगेमागे कोरोना झालेल्या पेशंटांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा महिन्याभरात दगावला असा अभ्यास मे २०२० मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात आलेला, मग सत्तरीच्या बाईला कोण हात लावणार. साथीच्या ऐन जोराच्या बारा आठवड्यांत जगभरात २ कोटी ८४ लाख ऑपरेशनं पुढे ढकलली जातील असा अंदाज होता, त्यात साठ लाखांवर नुसती हाडांची.

पण थांबणं म्हणजे काय ते कोकणातल्या घरात येऊन बघा. आमचं घर पाखाडीच्या वरच्या टोकाला, रस्त्यावर यायचं तर बेचाळीस पायऱ्या, सगळ्या चिऱ्याच्या, पावसात शेवाळ धरलेल्या. संडास मागच्या पडवीपलीकडे, तोही उकिडवं बसायचा. पाय आधीच वाकडे, पावसाळा संपेपर्यंत दोन ढोपरांमधनं मांजर आरामात जाईल एवढी फट पडली, मांडी सुकून काठी झाली. दुखलं की गोळी, दुखलं की गोळी, असं करत शेवटी रक्तात क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीवर ताण आला, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्याच बंद केल्या. २२ ऑगस्टला गणपती आले, मुंबईहून कोणी नाही, आणि आईनं जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसून मोदक वळले. ते तिला दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

आणि जाणार तरी कुठे? सिंधुदुर्गातली कितीतरी माणसं मोठ्या दुखण्याला गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात, तेव्हा बॉर्डर बंद. कोल्हापूरला जायला ई-पास, त्यात कारण काय लिहू, ढोपर?

जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा तारीख मिळाली. आदल्या दिवशीचा आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. ताप नाही, खोकला नाही, काही नाही, पण रिपोर्ट तो रिपोर्ट. दीड-दोन महिने थांबा म्हणाले (पुढे मार्चमध्ये ११६ देशांतल्या पेशंटांचा अभ्यास आला, त्यातही सात आठवडे थांबा असंच होतं, म्हणजे डॉक्टर चुकले नव्हते), आणि ते होईपर्यंत दुसरी लाट आली. शेवटी ऑपरेशन झालं ऑक्टोबर २०२१ ला. इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर सरकारनं २०१७ पासून लिमिट घातलंय, ते पाळलं, पण पीपीई किटचे पैसे बिलात वेगळे.

गुडघा बदलला म्हणजे काम झालं असं नसतं, अर्धं काम फिजिओथेरपीचं. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा नीट वाकवून घेतला नाही तर तो आखडतो, मग इम्प्लांट कितीही भारी असूदे. आम्ही घरी आलो आणि एसटीचा संप सुरू झाला! सावंतवाडीला फिजिओकडे रोज रिक्षा कोणाला परवडणार. मग व्हिडिओ कॉल, पण घरात रेंज नाही, सड्यावर काजूच्या झाडाखाली मिळते, तिथे आईला कशी नेणार, म्हणून मी तिथे जाऊन व्यायाम बघून यायचो आणि घरी येऊन आईकडून करून घ्यायचो. ती ओरडायची, मी घाबरून सोडून द्यायचो. आज तो गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकत नाही. चूक कुणाची म्हणाल तर थोडी माझीही.

दुसरी एक गोष्ट कोणी बोलत नाही. कोरोनात ज्यांना स्टेरॉइड द्यावं लागलं त्यातल्या काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरतं, चाळिशीच्या आतल्या अशा केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच सांगितल्या होत्या. म्हणजे साथीनं जुनी ऑपरेशनं अडवली आणि वर नवीन पेशंट तयार केले.

आता आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. माझं म्हणणं एवढंच की तिथे सांधे बदलायचा वॉर्ड वेगळा असावा, वेगळ्या दाराचा, वेगळ्या स्टाफचा, साथ आली म्हणून पहिलं कुलूप त्याला लागू नये. आणि थांबवायचीच वेळ आली तर सगळ्यांना एकाच पोत्यात भरू नका, कोण काठीवर चालतोय आणि कोण संडासला सरपटत जातोय ते बघून यादी करा. तालुक्याला एक तरी फिजिओ घरी येणारा द्या.

आईचा उजवा गुडघा अजून बाकी आहे. मी विषय काढला की म्हणते, "राहिली वर्सा अशीच जातली." पण कुठे नवीन आजाराची बातमी टीव्हीवर लागली की तीच विचारते, कोल्हापूरच्या डॉक्टरचा नंबर आहे ना रे तुझ्याकडे.

आपला,
एक वाचक, ता. वेंगुर्ले