पोवळं दगड नाही, जिवाचा सांगाडा आहे

संपादक महोदय,
मी घरी मणी ओवून माळा, कानातली करते आणि ओळखीत विकते. मागच्या महिन्यात एका ताईंनी माळ नव्याने ओवायला जुनी पोवळी आणून दिली, भिंगातून बघितली तर अंगावर बारीक बारीक रेघा, लाकडाला असतात तशा. त्या म्हणाल्या, हा खडाच ना? नाही हो, पोवळं म्हणजे समुद्रातल्या इवल्याशा जिवांच्या वसाहतीचा सांगाडा, आणि भूमध्य समुद्रातल्या लाल पोवळ्याची फांदी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा जाड होत नाही, म्हणजे एका टपोऱ्या मण्यामागे कितीतरी वर्षं गेलेली असतात! मोत्याचंही तसंच, कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम तयार करवलेला, म्हटला तरी शिंपला उघडून त्यात दुसऱ्या शिंपल्याच्या मांसाचा तुकडा घालतात आणि मोती काढताना तो जीव अनेकदा मरतोच.

मग जिवाला धक्का न लावणारं वापरायचं तर काय? मंगळसूत्रातले काळे मणी बहुतेक काचेचेच असतात की, त्यांना कोणी कमी मानतं का? उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरला काचमणी होतात, शिवाय तुळस, रुद्राक्ष, टेराकोटा आहेच. फक्त नकली मोत्यांवर कधी कधी माशांच्या खवल्यांची चमक असते आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी मण्यांवर लाख, तीही किड्यापासूनच येते, तेव्हा घेताना विचारा. होलसेलवाल्यांनी पाकिटावर मणी कशाचा आहे एवढं छापलं तरी आमचं अर्धं काम होईल.

– एक वाचक, ठाणे