दारूआधी झिंकची गोळी: पोट वाचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारू प्यायच्या आधी झिंकची गोळी घेतली की जठराला काही होत नाही, हा समज घातक आहे.

त्याचं मूळ उंदरांवरच्या प्रयोगांत आहे. आधी झिंक सल्फेट पाजून मग तीव्र अल्कोहोल दिलं, तर उंदरांच्या जठरातल्या जखमा कमी झाल्या. अल्कोहोल अस्तरावरचा बुळबुळीत थर विस्कटतं, आम्ल आत झिरपतं, काही पेशी हिस्टामिन हे दाह वाढवणारं रसायन सोडतात आणि बारीक रक्तवाहिन्या फुटतात. झिंक त्या पेशींना आवरतं. पण रिकाम्या पोटी रोज ४२.८ टक्क्यांची क्वार्टर, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल रिचवणाऱ्या माणसाला हे लागू होत नाही. शिवाय यकृताचं काय?

जपानमध्ये १९९४ पासून झिंक आणि कार्नोसिन या अमिनो आम्लांपासून बनलेल्या पदार्थाचं संयुग, पोलाप्रेझिंक, जठरातल्या अल्सरवर देतात: ७५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. दिवसाच्या दोन्ही डोसांत मिळून प्रत्यक्ष झिंक सुमारे ३४ मि.ग्रॅ. तो अल्सर भरून येण्यासाठीचा उपचार आहे, पिण्याआधीची तयारी नाही. उलट झिंक सल्फेटच्या २२० मि.ग्रॅ.च्या कॅप्सूलमध्ये झिंक ५० मि.ग्रॅ. असतं, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मोठ्या माणसाने दिवसाला ४० च्या वर जाऊ नये. उपाशीपोटी घेतलं तर मळमळ, उलटी होते. म्हणजे ज्याला जपायचं त्याच अस्तराला त्रास. महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं, रक्त कमी होतं, पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. मुंग्या दारूनेही येतात, म्हणून गोळीवर कुणाला संशयच येत नाही.

तासगाव, मिरजेच्या द्राक्षपट्ट्यातल्या वाचकांना कळकळीने सांगतो: शेडमधल्या पिशवीवर 'झिंक सल्फेट' लिहिलेलं असलं तरी ते खत आहे, चिमूटभरही तोंडात घालू नका. उंदरांसाठीचं काळसर झिंक फॉस्फाईड तर जठरातल्या आम्लात फॉस्फिन हा विषारी वायू सोडतं.

पिणाऱ्याने अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये. दारू आणि या गोळ्या मिळून अस्तर सोलतात. रोज पिणाऱ्याने एकदम बंद करतानाही डॉक्टरांना विचारावं, हात थरथरून फिट येऊ शकते. शौच डांबरासारखं काळं, चिकट झालं किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा.

आपला,
एक औषधनिर्माता, जि. सांगली